कॉन्ट्रॅक्टर यायच्या आधी: जुन्या अमेरिकन स्वयंपाकघराची गोष्ट



आजचा विषय तुमच्यापैकी काहींच्या घरात सध्या चालू असेल, काहींच्या घरात येत्या उन्हाळ्यात चालू होईल. न्यू जर्सीत काय, लाँग आयलंडवर काय, आपली मंडळी घर घेतात ते शाळा बघून. शाळा चांगली म्हणजे बहुतेक वेळा गाव जुनं, आणि गाव जुनं म्हणजे घरही जुनं. अंगण आवडतं, खोल्या आवडतात, आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की सगळे गप्प होतात. काळपट कपाटं, एक अरुंद खिडकी, शेगडीवर एक मरतुकडा पंखा. 'करून घेऊ' असं म्हणत सह्या होतात.

मग कॉन्ट्रॅक्टर येतो. टेप लावून मापं घेतो, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, पांढरं की राखाडी असं विचारतो आणि आठवड्याने एक आकडा पाठवतो. आपण तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावतो, तीन आकडे येतात, आणि बऱ्याचदा मधला निवडतो. यात एक आकडा मात्र अनेकदा चर्चेला येतच नाही. घर कोणत्या साली बांधलं? हे साल गावाच्या टॅक्स रेकॉर्डमध्ये असतं, घराच्या जाहिरातीतही असतं. ओटा एवढा उंच का, भिंतीत कोणती तार आहे, रंगात शिसं असेल का, एवढंच नव्हे तर कॉन्ट्रॅक्टमध्ये 'तीन दिवसांत रद्द करता येईल' हे वाक्य का असतं, या सगळ्याची उत्तरं कुठल्या ना कुठल्या सालाशी बांधलेली आहेत. आज ती सालं पाहू.

सुरुवात ओट्यापासून करू या, कारण रोज कंबर आणि खांदे तिथेच दुखतात.

आपल्या पणज्या चुलीपुढे पाट घेऊन बसून स्वयंपाक करायच्या. उभ्याने करायचा ओटा आपल्याकडे नंतर आला. अमेरिकेतही आज दिसतं तसं सलग ओट्याचं, भिंतीला जखडलेल्या कपाटांचं स्वयंपाकघर जेमतेम शंभर वर्षांचं आहे. त्याआधी सुखवस्तू घरात ती मागची, नोकरांची खोली असे. मधे एक टेबल, एका बाजूला कोळशाची किंवा लाकडाची शेगडी, दुसरीकडे सिंक, सामान वेगळ्या कोठीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हूझियर नावाचं एक उभं कपाट लोकप्रिय झालं. त्यात पिठाचा डबा, चाळणी, मसाल्याच्या बरण्या आणि ओढून बाहेर काढायची फळी असे. तेव्हा १९१५ सालच्या घरातली कपाटं 'मूळची' आहेत असं कोणी सांगितलं, तर जरा शंका घ्या. मूळच्या त्या खोलीत बहुधा भिंतीवर कपाटं नव्हतीच.

ही खोली आखून काढावी हा विचार सर्वांत आधी ठामपणे मांडला कॅथरीन बीचर यांनी. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या त्यांच्या धाकट्या बहीण. दोघींनी मिळून १८६९ साली 'द अमेरिकन वूमन्स होम' हे पुस्तक काढलं. आगबोटीवरच्या मुदपाकखान्यात शेकडो माणसांचं जेवण इवल्याशा जागेत होतं, मग घरच्या बाईने दिवसभर येरझाऱ्या का घालाव्यात, असा त्यांचा सवाल होता. पीठ, भांडी, पाणी सगळं हाताशी. कॅथरीनबाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं आणि स्वतःचा संसार फारसा थाटला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे असं पुन्हा पुन्हा घडणार आहे.

१९११ साली फ्रेडरिक टेलर यांचं कारखान्यातल्या कामाच्या शास्त्राबद्दलचं पुस्तक आलं. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची, असा तो जमाना. लगेच १९१२ मध्ये क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी 'लेडीज होम जर्नल' मासिकात तेच शास्त्र स्वयंपाकघराला लावलं. बाई शेगडीपासून सिंककडे, सिंकपासून कपाटाकडे किती वेळा जाते, याच्या रेघा काढून त्यांनी दाखवल्या. वाईट रचनेच्या नकाशावर रेघांचा नुसता गुंता. त्यांचं लेखन जर्मन भाषेत गेलं, आणि १९२६ साली ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी जर्मनीत कामगार वसाहतींसाठी 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. साधारण ३.४ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला फिटेड किचन म्हणतो त्याची ही आजी. आणि शुटे-लिहोट्स्की बाईंनी नंतर मोकळेपणाने सांगितलं, की हे आखलं तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता.

आता आपल्या शेजारची गोष्ट. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावात लिलियन गिल्ब्रेथ राहायच्या. त्या आणि त्यांचे पती फ्रँक दोघंही हालचालींच्या अभ्यासातले तज्ज्ञ. मुलं बारा झाली, त्यातली एक लहानपणीच गेली. 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक याच कुटुंबाचं, त्यांच्याच दोन मुलांनी लिहिलेलं. १९२४ साली फ्रँक अचानक गेले. लिलियनबाई डॉक्टरेट मिळवलेल्या, पण बाईकडून सल्ला घ्यायला कारखानदार तयार होईनात. मग त्यांनी मोर्चा वळवला तो ज्या ठिकाणी बाईचा सल्ला चालेल अशा जागेकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे. ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी १९२९ साली 'किचन प्रॅक्टिकल' नावाची रचना केली. अशा रचनेत स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करून बघितला, तर २८१ पावलांच्या जागी ४५ पावलं पुरली. स्वतः लिलियनबाईंच्या घरचं स्वयंपाकघर मात्र जुन्याच पद्धतीचं होतं, आणि रांधायला घरात मदतनीस होता. असो.

पण बाई एका मुद्द्यावर ठाम होत्या. ओट्याची उंची काम करणाऱ्या माणसाच्या उंचीप्रमाणे ठरली पाहिजे. झालं नेमकं उलट. १९३० च्या दशकात शेगडी, सिंक आणि ओटा एका सलग रेषेत दिसण्याची फॅशन आली, कारखान्यांना एकच माप सोयीचं होतं, आणि ३६ इंच ही उंची कायमची चिकटली. खालचं कपाट साडेचौतीस इंच, वरचा दगड दीड इंच. आजही तुमचा कॉन्ट्रॅक्टर हेच माप धरून येईल. तो विचारणारही नाही, कारण त्याला कुणी वेगळं सांगितलेलं नसतं.

आता हिशेब करा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर असतं. पोळी लाटायला, कणीक मळायला जोर लागतो, त्यासाठी काम कोपराच्या चार-सहा इंच खाली हवं. त्यात आपण ओट्यावर पोळपाट ठेवतो, म्हणजे आणखी दीड-दोन इंच वर. खांदे उचलून पोळ्या लाटणारी आई किंवा सासू तुम्ही पाहिली असेल. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला 'अगं, हा ओटा केवढा उंच' असं वाटतं, ते तिचं म्हातारपण नव्हे. ते १९३० च्या दशकातलं माप आहे.

उपाय आहे, आणि तो काम सुरू व्हायच्या आधीच सांगावा लागतो, कारण कपाटांची ऑर्डर कित्येक आठवडे आधी जाते. ओट्याचा दोन-तीन फुटांचा एक तुकडा ३१-३२ इंचांवर घ्यायला सांगा. तो डिशवॉशर आणि शेगडीपासून बाजूला ठेवायचा, कारण ती यंत्रं ३६ इंचांच्या हिशेबानेच बनतात. 'घर विकताना अडचण येईल' असं कॉन्ट्रॅक्टर म्हणेल. तुम्ही पुढची पंधरा वर्षं रोज पोळ्या लाटणार असाल, तर घर विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी थोडी कमी करायला हरकत नाही, असं माझं मत.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या लहान घरांचा अभ्यास करणाऱ्या मंडळाने तो प्रसिद्ध केला. तिन्ही बाजू मिळून २६ फुटांपेक्षा जास्त नकोत, असा नियम. त्यात गृहीत धरलेली बाई एकटी आहे. दिवाळीच्या आधी फराळ करणाऱ्या चौघीजणी त्या त्रिकोणात बसत नाहीत.

एकटी बाई हे गृहीत कुठून आलं, ते युद्धानंतरच्या वसाहतींकडे पाहिलं की कळतं. १९४७ साली लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिट कंपनीने लेव्हिटटाउन उभारायला सुरुवात केली, आणि १९५१ पर्यंत १७,००० वर घरं बांधली. घराबरोबर शेगडी, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र तयार मिळे. नवरा गाडीने कामावर, बायको घरी, मुलं अंगणात, आणि मुलांवर नजर राहावी म्हणून सिंकसमोर खिडकी. या घरांच्या कागदपत्रांत आणखी एक कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही या घरात राहता येणार नाही. हे आडून सुचवलेलं नव्हतं, छापलेलं होतं. पुढे याच कंपनीने न्यू जर्सीत विलिंगबरो इथे वसाहत काढली. काळ्या कुटुंबांना घर नाकारल्यावर प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६० साली निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. देशभर घरांच्या व्यवहारात भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने. आपली माणसं मोठ्या संख्येने इथे येऊ शकली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. म्हणजे आज आपण ज्या १९५० च्या घरात फोडणी घालतो, ते बांधलं जात होतं तेव्हा अशा अनेक घरांत आपल्याला राहायलाही परवानगी नव्हती. या घरांत आपली सोय नाही, असं वाटत असेल तर ते नुसतं वाटणं नाही. ती आपल्यासाठी आखलेली नव्हती.

याचा सर्वांत रोकडा पुरावा म्हणजे शेगडीवरचा पंखा. या घरांतले कित्येक हूड हवा बाहेर टाकतच नाहीत. जाळीतून गाळून ती तुमच्याच तोंडावर परत सोडतात. अंडी आणि पॅनकेकसाठी ते चालत असेल. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला, की वरच्या मजल्यावरच्या कोटांनासुद्धा वास लागतो, आणि स्मोक अलार्म ओरडायला लागतो. कॉन्ट्रॅक्टरला नुसता 'चांगला हूड' म्हणू नका. 'हवा छतातून किंवा भिंतीतून बाहेर गेली पाहिजे' असं कागदावर लिहून घ्या. काम झाल्यावर पंखा चालू करून बाहेर जा आणि झडप उघडते का ते डोळ्यांनी बघा. आणखी एक. मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा ओढणारा हूड घेतला, तर बऱ्याच ठिकाणच्या बांधकाम नियमांप्रमाणे तेवढीच हवा घरात आणायची सोयही करावी लागते. एस्टिमेटमध्ये ती नसेल, तर नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून येते.

भिंत पाडून सगळं खुलं करायचा आग्रह हल्ली प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर धरतो. त्यालाही इतिहास आहे. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९३४ साली मिनियापोलिसमधल्या विली हाउसमध्ये स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला जोडलं, तेव्हा ते नवल होतं. आता ते सक्तीसारखं झालंय. मला विचाराल तर आपल्या स्वयंपाकाला दार असलेलं बरं. ज्यांनी भिंत पाडली, त्यांतले कित्येक नंतर गॅरेजमध्ये दुसरी शेगडी मांडून मासे तळतात. तरीही पाडायचीच असेल, तर ती भिंत वरच्या मजल्याचं ओझं पेलते का, हे इंजिनियरने लिहून दिलं पाहिजे. कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर टकटक करून सांगितलेलं पुरत नाही.

आता भिंतीच्या आत जाऊ.

घर १९२०-३० चं असेल, तर आत पांढऱ्या चिनी मातीच्या गुंड्यांवरून आणि नळ्यांतून गेलेल्या, कापड गुंडाळलेल्या काळ्या तारा सापडू शकतात. याला नॉब अँड ट्यूब म्हणतात. विजेच्या दिव्याच्या पहिल्या पिढीतली ही पद्धत. ज्यांच्या नावाच्या गावात आपली निम्मी दुकानं आहेत, त्या एडिसन यांनी त्याच गावातल्या मेन्लो पार्कमध्ये १८७९ साली दिवा पेटवला. गावाला त्यांचं नाव मिळालं १९५४ साली. त्या तारांना अर्थिंग नसतं, आणि त्या काळी स्वयंपाकघरात वीज लागायची ती एका दिव्याला आणि फार तर एका टोस्टरला. आपण एकाच वेळी मिक्सर, मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट आणि इडलीच्या पिठाचा ग्राइंडर लावतो. आजच्या नियमांप्रमाणे ओट्यावरच्या यंत्रांसाठी २० अँपिअरची किमान दोन स्वतंत्र सर्किटं लागतात. १९६५ ते १९७३ या काळातल्या घरात ॲल्युमिनियमच्या तारा असू शकतात. तांबं महागलं म्हणून त्या वापरल्या गेल्या, आणि त्यांचे जोड तापून आगी लागल्या. सिंकजवळचा 'टेस्ट' आणि 'रीसेट' बटणांचा प्लग तुम्ही रोज बघता. तो बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ साली शोधला. माणसाच्या अंगातून पाच-सहा मिलिअँपिअर एवढी वीज जायला लागली तरी तो बंद पडतो. स्वयंपाकघरात त्याची सक्ती देशाच्या विद्युत नियमांत १९८७ साली आली. त्याआधीच्या, कधीच न बदललेल्या स्वयंपाकघरात तो नसेलच.

नळांचं थोडक्यात. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. तांब्याच्या पाइपांच्या जोडांत शिसं असलेलं डाख वापरायला १९८६ साली बंदी आली. जमिनीवर नऊ इंची चौकोनी फरश्या असतील, तर त्यांत आणि त्याखालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्या शाबूत असतील तर धोका नाही, फोडल्या किंवा घासल्या तर आहे. तपासून घ्या, आणि जमत असेल तर त्यावरूनच नवी फरशी घाला.

शिशाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे पैशाचा नव्हे तर मुलांचा प्रश्न आहे.

पांढऱ्या रंगात शिसं घालत, कारण रंग टिकतो आणि भिंत धुता येते. म्हणून तो स्वयंपाकघरात आणि खिडक्यांच्या चौकटींवर सर्रास. हा रंग मुलांच्या अंगात जातो, हे १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांनी बोट ठेवलं ते व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगावर. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनिव्हात घराच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरण्यावर बंधन घालणारा करार केला. अमेरिकेने तो स्वीकारला नाही. त्याच दशकात इथली एक मोठी शिसं कंपनी 'डच बॉय' या गोंडस मुलाचं चित्र वापरून मुलांसाठी रंगीत पुस्तिका वाटत होती. बाल्टिमोर शहराने १९५१ साली घरांच्या आतल्या शिशाच्या रंगाला बंदी केली. सगळ्या देशात बंदी यायला १९७८ उजाडलं. गिब्सन यांच्या लेखानंतर ७४ वर्षं.

म्हणून १९७८ हे साल पाठ करा. पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणे १९४० पूर्वीच्या ८७ टक्के घरांत शिशाचा रंग आहे. १९४० ते १९५९ मधल्या ६९ टक्के, आणि १९६० ते १९७७ मधल्या २४ टक्के घरांत. वरून दहा थर नवा रंग असला तरी खाली तो आहेच. गप्प बसलेला असतो तोवर ठीक. कॉन्ट्रॅक्टरने करवत चालवली, जुनी चौकट घासली, की त्याची धूळ होते, आणि रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं. मुलांच्या रक्तात शिशाचं निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही, असं वैद्यकशास्त्र आता सांगतं. मेंदूवर होणारा परिणाम पुसला जात नाही.

एप्रिल २०१० पासून देशभर नियम आहे. १९७८ पूर्वीच्या घरात एका खोलीत सहा चौरस फुटांहून जास्त रंगीत पृष्ठभाग उकरायचा असेल, तर पैसे घेऊन काम करणाऱ्या फर्मकडे पर्यावरण खात्याचं शिसं-सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. तिने तुम्हाला माहितीपुस्तिका द्यायची, प्लास्टिकने दारं बंद करायची, ओलं करून घासायचं, खास फिल्टरच्या व्हॅक्यूमने धूळ काढायची. स्वयंपाकघर म्हटलं की सहा चौरस फूट पहिल्या तासातच ओलांडले जातात. 'आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही होत नाही' म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हे खरं. तो का स्वस्त पडतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि एक मेख. हा नियम मालकाने स्वतःच्या राहत्या घरात केलेल्या कामाला लागू नाही. शनिवारी होम डेपोतून सँडर आणून 'जुना रंग तर खरवडायचाय' म्हणणाऱ्या बाबांना कायदा अडवत नाही. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर ते काम करू नका, आणि कॉन्ट्रॅक्टरचं काम चालू असताना त्यांना मित्रांकडे राहायला पाठवा. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासणं बंधनकारक आहे. घरात तोडफोड झाली असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.

उरला कागद. कॉन्ट्रॅक्टमधलं प्रत्येक कंटाळवाणं कलम कुणीतरी फसवलं गेल्यावर लिहिलेलं आहे.

सर्वांत जुनं कलम १७९१ चं. वॉशिंग्टन शहर उभं राहत होतं, आणि गवंडी, सुतार उधारीवर काम करायला तयार नव्हते. जेफरसन आणि मॅडिसन यांच्या पुढाकाराने मेरिलँड राज्याने कायदा केला, की पैसे मिळाले नाहीत तर कामगाराचा त्या इमारतीवरच हक्क लागेल. हाच मेकॅनिक्स लीन. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर न्याय्य कायदा. पण आपल्या बाजूने त्याला एक बोचरं टोक आहे. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पैसे दिलेत, त्याने प्लंबरला किंवा कपाटवाल्याला दिले नाहीत, तर ते तुमच्या घरावर हक्क लावू शकतात. राज्याराज्यांत तपशील वेगळे, पण उपाय सगळीकडे सारखा. प्रत्येक हप्त्याबरोबर 'आम्हाला पैसे मिळाले, आमचा हक्क उरलेला नाही' असं सब-कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचं पत्र मागा. त्याला लीन वेव्हर म्हणतात. मागायला लाजू नका, त्यात अविश्वास वगैरे काही नाही. इथे ती रीत आहे.

दुसरं साल १९३४. मंदीत बांधकाम ठप्प झालं होतं. रूझवेल्ट सरकारने नॅशनल हाउसिंग ॲक्ट आणला, आणि घरदुरुस्तीच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. लाखो घरांत नवी स्वयंपाकघरं आली. मागोमाग ठगही आले. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याचा ठरलेला डाव असा असे: 'तुमचं घर आम्ही नमुना म्हणून दाखवणार, शेजाऱ्यांनी काम दिलं की प्रत्येकामागे तुम्हाला कमिशन, म्हणजे तुमचं काम जवळजवळ फुकट.' मग कागदांच्या गठ्ठ्यात 'काम पूर्ण झालं' या प्रमाणपत्रावर आधीच सही घ्यायची, ते दाखवून बँकेकडून पैसे उचलायचे आणि पसार व्हायचं. १९५४ साली सेनेटर केपहार्ट यांच्या समितीने याची जाहीर चौकशी केली. हे सगळं जुनं झालं म्हणता? 'तुमच्या कम्युनिटीत आमची जाहिरात करा, तुम्हाला खास डिस्काउंट देतो' हे वाक्य मी या वर्षीही ऐकलं आहे, तेही शुद्ध मराठीत.

घरी येऊन सही घेणाऱ्या विक्रेत्यांमुळेच फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ साली तीन दिवसांचा नियम केला. दारात झालेला सौदा कामाच्या तीन दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, आणि विक्रेत्याने तसा फॉर्म हाती द्यायचा असतो. कॅलिफोर्नियाने तर कॉन्ट्रॅक्टरना लायसन्स लावलं ते १९२९ सालीच. तिथे आगाऊ रक्कम एकूण कामाच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी ते, याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं कॉन्ट्रॅक्ट लेखी हवं, आणि त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. तो 13 आणि त्यापुढे व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो. ग्राहक खात्याच्या संकेतस्थळावर तो घालून बघायला दोन मिनिटं लागतात. ओळखीच्या ओळखीतला, देवळात भेटणारा माणूस असला तरी बघा. ओळखीचा आहे म्हणूनच कागद नीट करा, म्हणजे पुढे गणपतीत एकमेकांना तोंड दाखवता येईल.

परमिटबद्दलही हेच. 'परमिट कशाला, टॅक्स वाढेल' असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, तर त्याला इन्स्पेक्टर नको आहे, एवढाच अर्थ घ्या. भिंत बंद व्हायच्या आधी तारा आणि पाइप बघणारा, तुमच्या बाजूचा तो एकमेव तिसरा माणूस. तुम्हीही त्या दिवशी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा कुठे ठोकायचा आणि कुठे नाही, हे वीस वर्षांनीही कळेल.

शेवटचा हप्ता मोठा ठेवा. इन्स्पेक्टरची अंतिम मंजुरी, लीन वेव्हर, आणि हूडची झडप उघडताना बघणं, या तीन गोष्टी झाल्यावरच तो चेक लिहायचा.

तुमच्या घराचं साल काय आणि भिंत उघडल्यावर काय सापडलं, ते आम्हाला कळवा. चिनी मातीच्या गुंड्या सापडल्या असतील तर फोटोही पाठवा.